कोसाघराचे तीन थर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या कोसाघराच्या भिंतीला कान लावून उभा होता. डोळे मिटलेले, हातात लाकडी हातोडी आणि उजव्या कानाला चुना. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते, गावात अजून पाहुणे होते. मला वाटलं, कुणाचा तरी जावई असेल, दुपारचं जेवण अंगावर आलं असेल.

"ओ भाऊ," मी दाराचं कुलूप काढता काढता म्हटलं, "भित काई सांगून राहिली का?"

तो दचकला नाही. एक बोट वर करून त्याने मला गप्प केलं. मला! माझ्याच दारात! टकटक करून पुन्हा ऐकलं आणि मग म्हणाला, "सांगून राहिली. इथं पलस्तर सुटलं म्हणते, पोकळ वाजून राहिली."

"पोकळ तुमी असान. ही भित माह्यापेक्षा दुप्पट वयाची हाये, जरा मानानं बोला."

तेव्हा त्याने डोळे उघडले. चष्म्याच्या काचेवरही चुना होता. तो पुसायचं सोडून तो माझ्याकडेच बघत राहिला, आणि मीही कुलूप हातात घेऊन उगाच उभी राहिले... उघडलेलं कुलूप किती वेळ उघडायचं असतं?

"मले भाऊ नका म्हणू," तो म्हणाला.

"काहून?"

"पुढं अडचण होते."

मी जोरात दार ढकललं आणि आत गेले. हसू आलं होतं ते त्याला दिसायला नको होतं.

पण हसू फार टिकलं नाही. आत येऊन त्याने ओळख सांगितली. तो कुलदीप. पवनीचा, नागपूरच्या एका इंजिनियरच्या ऑफिसात काम करणारा. महिन्यापूर्वी एका रविवारी, वाचनालय बंद असताना, हाच येऊन छताची मापं घेऊन गेला होता आणि ग्रामपंचायतीला दोन पानी कागद दिला होता – पूर्वेची भिंत नऊ इंच खचली आहे, छत एका बाजूला कललं आहे, इमारत धोकादायक आहे. आता तो पक्का अहवाल लिहायला आला होता. दहा दिवसांनी ग्रामसभा होती. अहवालातही तेच आलं की कोसाघर पाडायचं आणि तिथे सिमेंटचा सभामंडप बांधायचा, असं ठरल्यातच जमा होतं.

"म्हणजे ते तुमीच," मी म्हटलं.

"मीच," तो म्हणाला. यावेळी त्याने चष्मा पुसला.

कोसाघर पाहिल्याशिवाय ते कसं आहे हे कळत नाही, तरी सांगते. एकोणीसशे बहात्तर साली आंधळगावच्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांच्या सोसायटीने ते बांधलं. बांधणारे साहेब बडोद्याहून शिकून आले होते. गाव त्यांना नकाशेसाहेब म्हणायचं, कारण त्यांनी एकही नकाशा काढला नाही. आधी म्हणे ते पंधरा दिवस नुसते बायकांजवळ बसून राहिले. बायका उकडलेल्या कोशातून मांडीवर सूत काढायच्या ते बघत. मग त्यांनी खिडक्या ठेवल्या त्या गोल, आणि जमिनीपासून वीतभर वर. उभ्या माणसाला त्या वेड्यासारख्या वाटतात. खाली बसलं की उजेड बरोबर मांडीवर पडतो.

अंगणात मोहाचं झाड होतं, ते तोडलं नाही. भिंतच वळवली. जमीन बोडीकडे, म्हणजे गावतळ्याकडे, उतरत होती, ती सपाट केली नाही. आतली फरशीच पायरी-पायरीने खाली उतरते. आणि वर विटांचं गोल, लांबट छत, कोशासारखंच. आत बोललं की आवाज परत येतो, पण मऊ होऊन.

माग थांबले, सोसायटी बंद पडली. आता अर्ध्या भागात वाचनालय आहे, त्याची किल्ली माझ्याकडे. उरलेल्या अर्ध्या भागात आठ-दहा बायका अजून सूत काढायला बसतात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत माझी आईही बसायची, पश्चिमेच्या तिसऱ्या खिडकीपाशी. मी शाळेतून यायचे आणि तिच्या गुडघ्याला पाठ टेकून अभ्यास करायचे. आई गेली तेव्हा लोक घरी भेटायला आले. मी मात्र रडायला इथे आले होते. घरात मला आई आजारीच आठवते. इथे ती काम करताना आठवते.

हे सगळं मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "तुमी जे माप घ्यान, ते माह्यासमोर घ्यायचं."

"घेईन," तो म्हणाला. "मलेही दुसऱ्या टोकाले माणूस पाह्यजेच होता."

दुसऱ्या दिवशी त्याने बॅगेतून प्लास्टिकची पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. गवंडी पातळी बघतात ती नळी. एक टोक पूर्वेला, एक पश्चिमेला. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर राहतं आणि त्यावरून भिंतीवर खूण करायची. पंचायतीने ओट्यावर सिमेंट ओतलं होतं, त्यामुळे जोत्याची जुनी दगडी ओळ झाकली गेली होती. पहिल्या वेळी त्याने ती पाहिलीच नव्हती, नुसतं छत मोजलं होतं. मी आता चार ठिकाणी सिमेंट फोडून घेतलं. म्हणजे त्याला फोडायला लावलं.

"पाणी थांबलं का?" तो पलीकडून ओरडायचा.

"नाई थांबलं. तुमी हालून राहिले."

"मी नाई, तुमीच हसून राहिल्या. नळी हालते त्यानं."

"हसाले काय झालं? तुमच्या कानाले पुन्हा चुना लागला."

"मग पुसून द्या ना."

"हातात नळी हाये माह्या."

"म्हणजे नळी नसती तर...?"

मी खडूने खूण केली, चांगली ठसठशीत, आणि उत्तर दिलं नाही. उत्तर होतं.

तीन दिवस आम्ही खुणा करत होतो. शेतात धान कापून पडलं होतं, गावात दुपारी चिटपाखरू नसायचं. बायका सूत काढत बसायच्या आणि आमच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. तो दुपारी माझ्या डब्यातली जवसाची चटणी आणि भात खायचा आणि म्हणायचा, पवनीला याहून चांगली करतात. तरी डबा पुसून ठेवायचा. एकदा तो छताकडे बघत मोठ्या अदबीने म्हणाला, "याले ऑर्गॅनिक आर्किटेक्चर म्हणते. झाड, जमीन, माणूस, सगळ्याईच्या कलानं घेतलेलं घर."

"ऑर्गॅनिक तर आमच्याइकडे तांदूळ असते," मी म्हटलं.

तो खळाळून हसला, आणि ते हसू छताला लागून मऊ होऊन परत आलं. त्या क्षणी मला कळलं की माझं काही खरं नाही. हा माणूस आठवड्यात माझ्या आईची जागा पाडायचा कागद लिहिणार होता, आणि मला त्याचं हसू पुन्हा ऐकायचं होतं. मला माझाच राग आला.

चौथ्या दिवशी सगळ्या खुणा जुळवून तो जोत्यावर बसला आणि डोकं खाजवायला लागला.

"गुंजन मॅडम, हे कसं होईल? जोतं दोन्हीकडं एका रेषेत हाये. सूतभर फरक नाई. जोतं खचलं नाई तर भित कशी खचन? अन् वर छत तर पूर्वेले नऊ इंच खालीच हाये."

"म्हणजे तुमची चूक?"

"चूक हाये... पण कोणती, ते समजून नाई राहिलं. मी असं नाई लिहू शकत का समजलं नाई म्हणून. ते नऊ इंच गेले कुठी, हे सांगा लागन."

तेवढ्यात ढग वाजले. कार्तिकातला अवकाळी पाऊस, कुणालाच नको असलेला. बायका धानावर ताडपत्री टाकायला पदर खोचून पळाल्या. माझे बाबा, गोपीचंद, शेतातच होते, त्यांच्याबरोबर दोन गडी होते. आत राहिलो मी, कुलदीप आणि सूत काढणाऱ्या शकुंतलाबाई. त्यांचं वय सत्तरीचं, त्यांच्याकडून पळणं होत नव्हतं. छताचा खाटेएवढा तुकडा या पावसाळ्यात पडला होता, पिंपळाच्या मुळाने. तिथून धार लागली. आम्ही तिघं आईच्या खिडकीशी सरकून बसलो.

"काय हरवलं तुमचं?" शकुंतलाबाईंनी विचारलं. त्यांचे हात थांबले नव्हते, मांडीवर सूत वळतच होतं.

"नऊ इंच, आजी," कुलदीप म्हणाला. "इकडची बाजू वर, तिकडची खाली. एवढा हुशार साहेब, अन् छत वाकडं!"

शकुंतलाबाईंचे हात थांबले. मी त्यांना जन्मापासून ओळखते. त्यांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ते वाकडं माह्यानं झालं," त्या म्हणाल्या.

पावसाच्या आवाजात आम्ही अजून जवळ सरकलो.

"माहं लगन होऊन दोन महिने झाल्ते. साहेबानं छताचा आकार कागदावर नाई काढला. कोशाच्या सुताचा लांब दोर वळला, ओला केला, अन् म्हणे दोघं जण दोन टोकं धरा. मधात दोर झोळीवानी लोंबते ना, त्याचा आकार मागच्या भितीवर कोळशानं उतरवाचा अन् उलटा कराचा. ते छत."

"लोंबताना जो आकार आपला आपण सांभाळते, तो उलटा केला का विटाही सांभाळते," कुलदीप हळूच म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

"एक टोक याईनं धरलं." याईनं म्हणजे त्यांचे यजमान, कृष्णराव. ते जाऊन बारा वर्षं झाली. गावात सगळ्यांत उंच माणूस. "दुसऱ्या टोकाले गडी होता, त्याले याईनं हटवलं. म्हणे, माह्या घरची धरन. मी गेली. समोर माहे भासरे उभे, याईचे मोठे भाऊ! सोसायटीचे अध्यक्षच ते. त्याईच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देता येते का? एका हातानं पदर धरला, एका हातानं दोर. साहेब म्हणे, बाई, हात वर, खुणेवरी वर. हात वर केला का पदर घसरे. पदर धरला का हात खाली येये."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तीन दिवस तसंच चाललं. याईनंही कमी नाई केलं. आकार उतरत आला का हे मुद्दाम दोर हालवत. पुन्हा धरा लागे." त्या आता खिडकीबाहेर बघत होत्या. "घरात सासू, जावा, सगळे. दिवसा नवऱ्याच्या तोंडाकडं पाहाची सोय नव्हती, पोरी. दोर धरला का समोर पाहाच लागे. कोणी काई म्हणू शके नाई. तिसऱ्या दिवशी साहेब हसला. म्हणे, राहू द्या, जशी माणसं तसं घर. अन् तसाच आकार काढला."

मग कुलदीप उठला, वहीत आकडे मांडायला लागला, पुसायला लागला. शकुंतलाबाईंचं टोक खाली होतं. आकार उलटा केल्यावर त्यांच्या बाजूची, पश्चिमेची भिंत वर गेली आणि कृष्णरावांची खाली राहिली. तसं असेल तर भिंत खचलीच नाही. मुळातच कमी बांधली.

"विटा मोजू," तो म्हणाला.

पाऊस थांबायच्या आत आम्ही दोन्ही भिंतींवरचं हातभर रुंदीचं पलस्तर जोत्यापासून वरपर्यंत खरवडलं. मी पश्चिमेला, तो पूर्वेला. मी मोठ्याने मोजत होते, तोही मोजत होता, आवाज एकमेकांत मिसळत होते. माझे थर भरले एकतीस. तो अठ्ठाविसावर थांबला. त्याने पुन्हा मोजले, मग माझ्या बाजूला येऊन माझे मोजले, मग मी त्याचे मोजले. तीन थर कमी. एका थराला तीन इंच. नऊ इंच सापडले होते.

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हात धरला. चुन्याने पांढरा झालेला हात. लक्षात आलं तेव्हा सोडायला उशीर झाला होता, आणि त्यानेही घाई केली नाही. शकुंतलाबाईंनी मान वळवून सूत काढायला घेतलं.

"पण एक अडचण हाये," तो म्हणाला. "पहिल्या कागदावर माही सही हाये. ऑफिसातल्या साहेबाले फोन केला तर ते म्हणतीन, एकदा दिलं ते दिलं. आपलंच आपण खोडलं तर उद्या कोण इचारन आपल्याले?"

"मग?"

"मग ग्रामसभेत उभा राहून सांगतो, मीच चुकलो म्हणून. कामावरून काढलं तर काढलं."

"एवढं कायले करता?"

"कायले, ते ग्रामसभेनंतर सांगतो. आता सांगितलं तर तुमाले वाटन, तुमच्यासाठी अहवाल बदलला. अहवाल विटाईनं बदलला. बाकीचं... वेगळं हाये."

ग्रामसभा मोहाखालीच भरली. सरपंच निकेशभाऊ तसे वाईट नाहीत, पण नव्या सभामंडपाचं स्वप्न त्यांनी दोन वर्षं पाहिलं होतं. कुलदीप उभा राहिला. "माह्या पहिल्या कागदात चूक होती," तो म्हणाला. "मी छत मोजलं, जोतं मोजलं नाई. भित खचली नाई. छताचा एक तुकडा पिंपळानं पाडला, तेवढा चुन्या-विटांनी बांधला तर हे घर आणखी पन्नास वर्षं उभं राहाते."

लोकांत कुजबुज झाली. निकेशभाऊंनी विचारलं, "मग एका बाजूले तीन थर कमी काहून? बांधणारे काय मोजाले विसरले? अशा बांधकामावर भरोसा कसा ठेवाचा?"

कुलदीपला उत्तर माहीत होतं. पण ते उत्तर त्याचं नव्हतं. एका बाईने पावसात, आम्हा दोघांना विश्वासाने सांगितलेलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली – नको. तो खाली बघत म्हणाला, "कारण हाये. पण ते मी सांगू शकत नाई."

"मग आमी कसं मानाचं?" मागून कुणीतरी ओरडलं. हसणं झालं. कोसाघर गेलं, असंच मला वाटलं.

बायकांच्या घोळक्यातून शकुंतलाबाई उठल्या. समोर त्यांच्या भासऱ्यांची मुलं, सुना, नातवंडं, सगळं घराणं बसलं होतं. त्या मधोमध आल्या आणि सगळं सांगितलं – दोर, पदर, तीन दिवस, कृष्णरावांचं मुद्दाम दोर हालवणं, सगळं. सांगता सांगता दोर कसा धरला ते दाखवायला त्यांनी दोन्ही हात वर केले, थेट डोक्याच्या वर. पदर खांद्यावर आला. त्यांनी तो उचलला नाही.

"तवा हात वर केला असता तर घर सरळ झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण मी नवी नवरी होती. आता पाडाचं असन तर पाडा. पण वाकडं हाये म्हणून नका पाडू. ते वाकडं नाई. ते आमी दोघं हाओ."

कुणीच हसलं नाही. निकेशभाऊंनी एकदा छताकडे बघितलं. मग त्यांनी वहीत लिहायला सांगितलं – कोसाघर दुरुस्त करायचं. पहिला हात माझ्या बाबांचा वर झाला. मग सगळ्यांचे. मी रडत होते आणि मला लाज वाटत नव्हती.

माणसं पांगल्यावर कुलदीप मोटरसायकलपाशी नुसताच उभा होता. त्याच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. काय झालं ते मी विचारलं नाही, त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आता?" मी म्हटलं.

"आता पवनी. मग पाहू. निकेशभाऊ म्हणे, दुरुस्ती तुमीच करा, पंचायत तुमालेच काम देते." तो हँडलशी चाळा करत होता. "गुंजन... तुमच्या आंधळगावची मंडई मंगळवारी हाये ना?"

"हाये."

"मी येऊ का? म्हणजे... आईले घेऊन."

झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. घरोघर पाहुणे येतात, दुपारी बाजार फिरतात, जिलेबी खातात. पण लग्नाच्या वयाच्या पोराची आई दुसऱ्या गावच्या मंडईला उगाच येत नाही. ती घर बघायला येते, पोरगी बघायला येते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझे कान तापले.

"आईले मंग आणजो," मी म्हटलं. कधी 'तुमी'चं 'तू' झालं, मलाही कळलं नाही. "आधी तू सांग. ग्रामसभेनंतर सांगतो म्हणे कोणी तरी."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू मले आवडते," तो म्हणाला. "त्या दिवशी कुलूप उघडून उभी होती ना, तवापासून. बस, इतकंच हाये. इंजिनियर हाओ, यापेक्षा चांगलं नाई बोलता येत."

"चालते," मी म्हटलं. "मलेही तू आवडतो. गंज आवडतो, खूप."

मोहाखाली दोन शेळ्या होत्या आणि लांबून बाबा येत होते, म्हणून तो फक्त हसला आणि मोटरसायकल सुरू केली. बोडीच्या पाळीवरून तो दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी होते. मग एकदम जाणवलं, मंगळवारी कुणाची तरी आई माझ्या घरी येणार, आणि तिच्या समोर बसायला माझ्याकडे आई नाही. दहा दिवसांपूर्वी हे मला सहन झालं नसतं.

मी तशीच शकुंतलाबाईंकडे गेले. त्या ओसरीत सूत गुंडाळत होत्या. "मंगळवारी आमच्याकडे पाहुणे हायेत," मी म्हटलं. "पवनीहून. माह्या बाजूनं बसाले बाई पाह्यजे."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, सगळं ओळखलं आणि विचारलं, "कोणतं लुगडं नेसू?"